साखळीचा वक्र आणि आडवलीची तार

लांजा तालुक्यात कोकण रेल्वेची आडवली आणि विलवडे ही स्थानके आहेत. आडवलीच्या फलाटावर उभे राहून वर पाहिले, की रुळांच्या डोक्यावर दोन तारा दिसतात. खालची तार जवळजवळ सरळ रेषेत धावते. इंजिनाच्या टपावरील दांडा हिलाच घासत जातो. वरची तार मात्र दोन खांबांच्या मध्ये झोळीसारखी खाली येते आणि पुन्हा वर जाते. दोघींना जोडणाऱ्या उभ्या बारीक तारा खांबाजवळ लांब व मध्यावर आखूड असतात. खालच्या तारेला संपर्क तार म्हणतात. वरचीला रेल्वेचे लोक इंग्रजीतून 'कॅटेनरी' म्हणतात.

हा मार्ग १९९८ साली सलग सुरू झाला, तेव्हा त्यावर डिझेलची इंजिने धावत होती. पुढे संपूर्ण मार्गाचे, म्हणजे सुमारे ७४० किलोमीटरचे, विद्युतीकरण झाले आणि २० जून २०२२ रोजी ते राष्ट्राला अर्पण करण्यात आले. त्यानंतरच ही झोळीदार तार लांज्याच्या मुलांच्या रोजच्या पाहण्यात आली. 'कॅटेनरी' या शब्दामागे मात्र साडेतीनशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. त्याचे एक टोक गॅलिलिओच्या हातात आहे, तर दुसरे आपल्या शाळेतील संगणकाच्या स्प्रेडशीटमध्ये. हा इतिहास सांगण्यास निमित्त झाले ते आमच्याच एका चुकीचे. तेव्हा प्रारंभ त्या चुकीपासूनच करू.

सतारीची तार

लांजा तालुक्यातील एका शाळेत गणित व विज्ञानाच्या शिक्षकांबरोबर आम्ही एक दिवस घालवला. 'स्प्रेडशीटच्या साहाय्याने गणित' असा विषय होता. आम्ही उदाहरण म्हणून रेल्वेची वरची तार निवडली. भारतीय रेल्वेच्या २५ हजार व्होल्टच्या पद्धतीत वर्षानुवर्षे रूढ असलेली मापे अशी : वरच्या तारेचा छेद ६५ चौरस मिलिमीटर, संपर्क तारेचा १०७ चौरस मिलिमीटर, प्रत्येक तारेतील ताण १००० किलोग्रॅम-भार आणि दोन खांबांतील अंतर जास्तीत जास्त ७२ मीटर. तांब्याची घनता ठाऊक असली, की वरच्या तारेचे वजन मीटरला सुमारे ०.६ किलोग्रॅम आणि संपर्क तारेचे सुमारे ०.९५ किलोग्रॅम निघते.

प्रथम एकट्या वरच्या तारेचा विचार केला. टांगलेल्या तारेचे समीकरण फळ्यावर लिहिले :

य = अ × कॉश (क्ष ÷ अ)

येथे 'अ' म्हणजे ताण भागिले दर मीटरचे वजन. आपल्या तारेसाठी १००० ÷ ०.६, म्हणजे सुमारे १६६७ मीटर. याचा अर्थही सोपा आहे : जितक्या लांबीच्या तारेचे वजन ताणाइतके भरेल, ती लांबी म्हणजे 'अ'. 'कॉश' हे अपास्तीय कोज्या फलन आहे. मध्यापासून खांबापर्यंतचे अंतर ३६ मीटर. ३६ ला १६६७ ने भागले, की ०.०२१६. तार मध्यावर किती खाली येते, म्हणजे तिचा झोळ किती, हे काढण्यासाठी कॉश ०.०२१६ मधून १ वजा करायचा आणि 'अ' ने गुणायचे.

आम्ही पत्रक घरून तयार करून आणले होते. उत्तर आले ०.०००१२ मीटर, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम आठवा भाग! आम्ही ते वाचून पुढे निघालो होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक बाई म्हणाल्या, "सर, ही तार रेल्वेची की सतारीची? आमच्या आडवलीला तर झोळ डोळ्यांना दिसतो."

वर्ग हसला आणि आम्ही वरमलो. चूक सापडायला वेळ लागला नाही. स्प्रेडशीटमध्ये साइन, कोसाइन वापरताना अंशांचे रेडियन करावे लागतात, ही सवय हातात इतकी मुरलेली, की आम्ही ०.०२१६ चेही 'रेडियन' करून टाकले होते. नावात कोज्या आहे म्हणून कंसातील संख्या कोन असणार, असे आम्ही न कळत धरून चाललो. पण अपास्तीय फलनाच्या कंसात कोन नसतो. येथे ते दोन लांबींचे गुणोत्तर आहे, त्याला ना अंश ना रेडियन. रूपांतर काढून टाकताच उत्तर आले ०.३८९ मीटर, सुमारे ३९ सेंटिमीटर.

बाईंचे मात्र अजून समाधान झाले नव्हते. "फलाटावरून तर मीटरभर वाटतो," त्या म्हणाल्या. "आणि सर, त्या तारेला खालची तारही टांगलेली आहे ना? मग हेच समीकरण चालेल का?"

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे, तर आपल्याला सतराव्या शतकात जावे लागेल.

गॅलिलिओ काय म्हणाला होता?

१६३८ साली हॉलंडमधील लायडन येथे गॅलिलिओचा 'दोन नव्या शास्त्रां'वरील संवादग्रंथ प्रसिद्ध झाला. फेकलेली वस्तू अन्वस्ताच्या मार्गाने जाते, हा सिद्धांत याच ग्रंथातला. त्यात अन्वस्त काढण्याची एक सोपी युक्तीही दिली आहे : भिंतीवर सारख्या उंचीवर दोन खिळे ठोकावेत आणि त्यांना एक बारीक साखळी टांगावी.

यावरून 'टांगलेली साखळी अन्वस्त असते असे गॅलिलिओला वाटे, पण तो चुकला' असे वाक्य अनेक पुस्तकांत आढळते. ते पूर्ण खरे नाही. त्याच ग्रंथात पुढे, चौथ्या दिवसाच्या संवादात, तो सांगतो की साखळी अन्वस्ताशी जवळजवळ जुळते, आणि टोकाकडील चढ ४५ अंशांहून कमी असेल तर ती फारच चांगली जुळते. 'जवळजवळ' या शब्दाचे मोल काय, ते आपण पुढे आकड्यांत पाहू.

नेमके उत्तर देणाऱ्यांपैकी एक होता सतरा वर्षांचा मुलगा. १६४६ साली क्रिस्तिआन हायगेन्सने मेर्सेन या फ्रेंच विद्वानाला लिहिलेल्या पत्रात दाखवून दिले, की टांगलेली साखळी अन्वस्त असूच शकत नाही. त्याने आणखीही एक गोष्ट दाखवली : दोरीला समान वजने आडव्या दिशेने सारख्या अंतरावर येतील अशी टांगली, तर मात्र अन्वस्त मिळतो. जर्मनीत योआखिम युंगिउस यानेही साखळी अन्वस्त नसल्याचे सिद्ध केले होते. त्याचा पुरावा त्याच्या मृत्यूनंतर, १६६९ साली छापला गेला.

दोन वक्रांतील हा फरक शाळेच्या भाषेत असा सांगता येतो. साखळीच्या तळबिंदूपासून एका बाजूचा तुकडा घ्या. त्यावर तीन प्रेरणा आहेत : तळाशी आडवा ताण, वरच्या टोकाशी तिरपा ताण आणि तुकड्याचे वजन. तुकडा स्थिर असल्याने वरच्या ताणाचा आडवा भाग तळाच्या ताणाइतका आणि उभा भाग वजनाइतका असलाच पाहिजे. म्हणून त्या बिंदूपाशी वक्राचा चढ म्हणजे वजन भागिले आडवा ताण. साखळीचे वजन तिच्या *स्वतःच्या लांबीच्या* प्रमाणात असते, तर आडव्या दांड्यासारखा भार टांगला असेल तर वजन *आडव्या अंतराच्या* प्रमाणात वाढते. चढ आडव्या अंतराच्या प्रमाणात वाढत गेला, तर अन्वस्त. चढ वक्राच्या लांबीच्या प्रमाणात वाढत गेला, तर साखळीवक्र. सगळा भेद एवढाच.

आता बाईंच्या प्रश्नाकडे पाहा. आडवलीच्या वरच्या तारेवर दोन भार आहेत. तिचे स्वतःचे वजन तिच्या लांबीबरोबर वाढते, तर संपर्क तारेचे वजन आडव्या अंतराबरोबर. म्हणजे जिला 'कॅटेनरी' म्हणतात, ती काटेकोरपणे पाहता ना शुद्ध साखळीवक्र ना शुद्ध अन्वस्त. त्यातही मोठा भार अन्वस्ताच्या बाजूचा आहे! बाईंनी विचारलेला प्रश्न आणि सतरा वर्षांच्या हायगेन्सने सोडवलेला प्रश्न एकच होता.

उभ्या तारा धरून एकूण भार मीटरला सुमारे १.६ किलोग्रॅम घेतला, तर झोळ किती? अन्वस्ताचे सूत्र : भार गुणिले अंतराचा वर्ग, भागिले आठपट ताण. १.६ × ७२ × ७२ ÷ ८००० = १.०४ मीटर. फलाटावरून बाईंना मीटरभर वाटत होते, ते अगदी बरोबर होते.

१६९१ : तीन उत्तरे

साखळी अन्वस्त नाही हे कळले, पण मग ती आहे तरी काय? हे सांगणारे गणित १६४६ मध्ये जन्मले नव्हते. मे १६९० मध्ये याकोब बर्नुली याने लाइपझिगच्या 'आक्टा एरुदितोरुम' या नियतकालिकात हा प्रश्न आव्हान म्हणून मांडला. त्याच सुमारास हायगेन्सने लाइबनिट्सला लिहिलेल्या पत्रात या वक्राला लॅटिन 'कातेना', म्हणजे साखळी, या शब्दावरून नाव दिले. आडवलीच्या तारेचे आडनाव ते हेच.

जून १६९१ च्या अंकात तीन उत्तरे आली : लाइबनिट्सचे, बासष्ट वर्षांच्या हायगेन्सचे आणि याकोबचा धाकटा भाऊ योहान बर्नुली याचे. योहान तेव्हा अवघा तेवीस वर्षांचा होता. थोरल्याला न सुटलेले कोडे आपण सोडवले, ही फुशारकी तो पुढे बरीच वर्षे मिरवत राहिला. हायगेन्सने जुन्या भूमितीच्या मार्गाने, तर लाइबनिट्स व योहान यांनी नव्या कलनशास्त्राने उत्तर काढले. नव्या साधनाचे सामर्थ्य यातून साऱ्या युरोपला दिसले.

या तिघांपैकी कोणीही 'कॉश' लिहिला नाही, कारण ते फलन नावाने अस्तित्वातच नव्हते. लाइबनिट्सची रचना आपल्या कामाची आहे. त्याने दोन लॉगॅरिथमी वक्र घेतले, एक चढता व एक उतरता, आणि प्रत्येक ठिकाणी दोघांच्या उंचीची सरासरी काढली. त्या सरासरी बिंदूंतून जाणारा वक्र म्हणजे टांगलेली साखळी. आजच्या भाषेत, ई चा क्ष वा घात आणि ई चा उणे क्ष वा घात यांच्या बेरजेचे निम्मे.

यात लाइबनिट्सने एक गमतीची सूचना केली. लांबच्या सागरी प्रवासात खलाशाची लॉगॅरिथमची कोष्टके हरवली, तर त्याने एक साखळी टांगावी आणि तिच्यावरून लॉगॅरिथम मोजून घ्यावेत! या सूचनेचा वर्गात कसा उपयोग होतो, ते शेवटी सांगू.

फलनांना स्वतंत्र ओळख मिळाली ती इटलीतील व्हिन्चेन्झो रिकाती याच्या १७५७ सालच्या ग्रंथापासून. वर्तुळाशी साइन-कोसाइनचे जे नाते, तेच अपास्ताशी या फलनांचे, हे त्याने दाखवले. पुढे १७६० च्या दशकात योहान लॅम्बर्टने त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. 'पाय' ही संख्या अपरिमेय आहे हे सिद्ध करणारा लॅम्बर्ट तो हाच.

फळा, कोष्टक आणि स्प्रेडशीट

आता दोनशे वर्षे ओलांडू. १९७८ साली हार्वर्डमध्ये व्यवस्थापन शिकत असलेल्या डॅन ब्रिकलिनने पाहिले, की प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचा तक्ता मांडतात, एक आकडा चुकला की पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहितात. असा फळा असावा, की एक आकडा बदलताच बाकीचे आपोआप बदलतील, ही कल्पना त्यातून सुचली. त्याने व बॉब फ्रँक्स्टनने १९७९ मध्ये 'व्हिजिकॅल्क' बाजारात आणले. १९८३ मध्ये 'लोटस १-२-३' आणि १९८५ मध्ये मॅकिंटॉशसाठी 'एक्सेल' आले. शाळेला विनामूल्य मिळणाऱ्या 'लिब्रऑफिस'मध्येही आज अपास्तीय फलने तयार असतात. एक लक्षात ठेवावे, की स्प्रेडशीटचे मूळ शिक्षकाच्या फळ्यातच आहे.

प्रथम तयार फलन न वापरता लाइबनिट्सच्या मार्गाने जावे. पहिल्या स्तंभात क्ष, दुसऱ्यात ई चा क्ष वा घात, तिसऱ्यात ई चा उणे क्ष वा घात, चौथ्यात दोघांची सरासरी. क्ष = १ ला २.७१८३ व ०.३६७९, सरासरी १.५४३१. क्ष = २ ला ७.३८९१ व ०.१३५३, सरासरी ३.७६२२. मग पाचव्या स्तंभात तयार कॉश फलन मागवून पडताळा घ्यावा. चौथा व पाचवा स्तंभ जुळला, की मुलांच्या लेखी 'कॉश' ही जादू राहत नाही.

आता गॅलिलिओचा 'जवळजवळ' तपासू. एक मीटर अंतरावर दोन खिळे. साखळी आणि तिच्याइतकाच झोळ असलेला अन्वस्त, दोघांची उंची मध्य व खिळा यांच्या बरोबर अर्ध्यावर, म्हणजे मध्यापासून २५ सेंटिमीटरवर, तळापासून मोजायची.

'अ' एक मीटर घेतला, तर साखळीची लांबी १.०४ मीटर, टोकाचा चढ सुमारे २७ अंश. साखळी ३.१४ सेंटिमीटरवर, अन्वस्त ३.१९ वर. फरक अर्धा मिलिमीटर.

टोकाचा चढ बरोबर ४५ अंश असेल, तर साखळी ५.६० सेंटिमीटरवर, अन्वस्त ५.८७ वर. फरक सुमारे तीन मिलिमीटर.

'अ' २५ सेंटिमीटर, म्हणजे साखळीची लांबी १.८१ मीटर व चढ सुमारे ७५ अंश असेल, तर साखळी १३.६ सेंटिमीटरवर, अन्वस्त १७.३ वर. फरक जवळजवळ चार सेंटिमीटर.

खिळ्यावर टांगलेल्या साखळीत अर्धा मिलिमीटर कोण पाहणार? गॅलिलिओने ४५ अंशांची मर्यादा घातली, ती डोळ्यांनी पाहून, आणि ती योग्य होती. आडवलीच्या एकट्या तारेचा झोळ दोन्ही सूत्रांनी काढला, तर फरक मिलिमीटरच्या सुमारे साठाव्या-सत्तराव्या भागाइतका येतो. म्हणून संपर्क तारेचा भार अन्वस्ताच्या बाजूचा असला, तरी अभियंत्याचे काही अडत नाही आणि तारेचे नावही खोटे ठरत नाही.

एक कानमंत्र

आमच्या पत्रकात आणखी एक खड्डा होता. कॉश ०.०२१६ ची किंमत १.०००२३३ आहे. संगणक ती पंधरा अंकांपर्यंत धरून ठेवतो, पण चौकट अरुंद असली वा चार दशांश स्थळेच दाखवायची असली तर पडद्यावर १.०००२ दिसते. एका गटाने तेवढे वहीत उतरवून पुढचे गणित हाताने केले. ०.०००२ गुणिले १६६७ म्हणजे ३३ सेंटिमीटर. सहा सेंटिमीटर कुठे गेले? जवळजवळ सारख्या दोन संख्यांची वजाबाकी केली, की महत्त्वाचे अंक नाहीसे होतात. चार अंकी कोष्टकांच्या काळातील गणितज्ञ या धोक्याला चांगले ओळखून होते.

तोडगाही त्यांचाच. कॉश उणे १ म्हणजे अर्ध्या संख्येच्या अपास्तीय ज्येच्या, 'सिंच'च्या, वर्गाची दुप्पट. ०.०१०८ चा सिंच चार सार्थ अंकांपर्यंत ०.०१०८० आहे. त्याचा वर्ग करून ३३३३ ने गुणले, की त्याच चार अंकांत ३८.९ सेंटिमीटर मिळतात. सूत्र तेच, मांडणी निराळी.

संगणक आम्हांला एक उत्तर देत होता आणि ते सुबकपणे छापतही होता. मिलिमीटरचा आठवा भाग, ३३ सेंटिमीटर, ३९ सेंटिमीटर, सगळी उत्तरे पडद्यावर सारखीच विश्वासार्ह दिसत होती. त्यांतले खोटे कोणते, हे ओळखले ते रोज आडवलीला गाडीची वाट पाहणाऱ्या दोन डोळ्यांनी. स्प्रेडशीट शिकवताना आपण मुलांना सूत्र कसे भरायचे ते शिकवतो. पण उत्तर येण्यापूर्वी 'साधारण किती येईल?' हे वहीत लिहायला लावत नाही. आता आम्ही ते कटाक्षाने करवून घेतो, आणि आधी स्वतः करतो.

वर्गात करण्याजोगे

लाइबनिट्सच्या खलाशाचा प्रयोग करून पाहा. बारीक कड्यांची, सहज वळणारी सुमारे दोन मीटर साखळी घ्या. फळ्यावर एक मीटर अंतरावर सारख्या उंचीवर दोन खिळे ठोका. खिळ्यांच्या मध्ये १ मीटर ८१ सेंटिमीटर साखळी येईल अशी ती टांगा. झोळ ६९ सेंटिमीटर भरला, तर 'अ' २५ सेंटिमीटर झाला.

आता तळबिंदूपासून आडवे २५ सेंटिमीटर अंतर मोजा आणि तेथे साखळीवर खडूने खूण करा. खूण तळापेक्षा किती वर आहे ते मोजा. १३.६ सेंटिमीटर यावे. तळापासून खुणेपर्यंत साखळीची लांबी दोऱ्याने मोजा. २९.४ सेंटिमीटर यावी. दोन्हींची बेरीज करा, त्यात 'अ' चे २५ मिळवा. ६८ सेंटिमीटर झाले. याला २५ ने भागा.

२.७२ येते. लॉगॅरिथमचा पाया असलेली ई ही संख्या तुम्ही एका साखळीवरून मोजली! दोन-तीन टक्के इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही. फरक का पडला, यावरची चर्चा हाच निम्मा तास आहे.

साखळी मिळाली नाही तर दाराचे तोरण चालते. सुंभाची दोरी मात्र घेऊ नका, ती ताठ असते आणि आपलाच आकार धरून बसते. आणि आडवलीला किंवा विलवड्याला जाणे झाले, तर गाडी येईपर्यंत मुलांना वर पाहायला सांगा. झोळ किती असेल, याचा अंदाज आधी वहीत लिहू द्या. स्प्रेडशीट मग उघडावी.